केमोची तारीख आणि लशीची सुई

केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला ताप आला, की अख्खं घर जागं होतं. तुमच्या-माझ्या तापाला एखादी गोळी पुरते. त्याच्या तापासाठी रात्री-अपरात्री रिक्षा शोधावी लागते. असं का, हे कळलं की लशीचा मुद्दा निम्मा कळला.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात. पण हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींचीही वाढ भराभर होते. औषधाला आपला-परका कळत नाही. डोस घेतल्यावर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशींचा आकडा खाली येतो आणि शरीराचा पहारा ढिला पडतो. रक्ताच्या कर्करोगात तर पहारेकरीच आजारी असतात. म्हणून करोनाने या रुग्णांना इतरांपेक्षा जास्त छळलं.

कल्याण-डोंबिवलीकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. इथल्या कित्येक रुग्णांचा उपचार परळच्या टाटा रुग्णालयात चालतो आणि तिथली वाट लोकलने जाते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशाला १५ ऑगस्ट २०२१पासून लोकलने प्रवास करायची मुभा मिळाली.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालं. १ मार्चपासून साठीपुढच्यांना, आणि ४५ ते ५९ वयाच्या व्याधिग्रस्तांना लस खुली झाली. त्या वीस व्याधींच्या यादीत कर्करोग होता. डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र मात्र लागे. पंचेचाळिशीच्या आतल्या कर्करुग्णाला १ मेपर्यंत थांबावं लागलं. आजाराला वयाची अट नसते, यादीला होती.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, त्या वेळी साठीच्या आत होती. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झालेली, केमो चालू. ती म्हणाली, ''अरे, अंगात आधीच इतकं जहर चाललंय, त्यात हे आणखी कशाला? आणि अशक्त शरीरात लशीनेच करोना झाला तर?'' प्रश्न रास्त होता. जिवंत विषाणूची लस अशा रुग्णाला सहसा देत नाहीत. पण कोव्हॅक्सिनमधला विषाणू मारलेला असतो, आणि कोव्हिशील्डमधला वाहक विषाणू शरीरात वाढू शकत नाही. दोन्हींपैकी एकीनेही करोना होत नाही. डॉक्टरांनी आपाला दोन केमोंच्या मधली, पेशींचा आकडा सावरल्यावरची तारीख दिली आणि सुई उजव्या दंडात घ्यायला सांगितली; डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या होत्या. तेवढ्यात रमजान आला. सुईने रोजा तुटतो का, हा प्रश्न मोहल्ल्यात फिरत होता. तुटत नाही, असं अनेक उलेमांनी सांगितलं. आणि आजाऱ्याला रोज्याची सवलत असतेच.

आता फायद्याचं बोलू. लस घेतली म्हणजे करोना होतच नाही, असं नाही. गंभीर आजार आणि मृत्यू यांचा धोका ती कमी करते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेळापत्रक. कर्करुग्णाला करोना झाला, की केमो पुढे जाते, शस्त्रक्रिया लांबते, रेडिएशन मध्येच थांबतं. आणि गाठ काही आपल्यासाठी थांबत नाही. लस ही अशी उपचारांची तारीख सांभाळते.

एका डोसावर मात्र भिस्त ठेवता येत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये फायझरच्या लशीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या डोसानंतर निरोगी लोकांत शंभरातल्या ९४ जणांच्या रक्तात प्रतिपिंडं दिसली, गाठीच्या कर्करोगात ३८ जणांच्या, तर रक्ताच्या कर्करोगात जेमतेम १८ जणांच्या. गाठीच्या रुग्णांना तीन आठवड्यांनी दुसरा डोस दिल्यावर हे प्रमाण ९५पर्यंत चढलं. अभ्यासातली माणसं थोडी होती आणि लस आपल्याकडची नव्हती, तरी बोध स्पष्ट होता: या रुग्णांना पुढचा डोस चुकवून चालत नाही.

रक्ताच्या कर्करोगाची गोष्ट अवघड आहे. रिटुक्सिमॅबसारखं औषध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचाच फडशा पाडतं. ते घेतल्यावर काही महिने लस फारशी रुजत नाही, तरी शरीराची दुसरी फळी, टी-पेशी, थोडंफार शिकते. अशा रुग्णाचं खरं कवच घरातली माणसं असतात. ४ डिसेंबर २०२१ रोजी राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण आमच्या कल्याण-डोंबिवलीत सापडला. त्या थंडीत आपाच्या घरी मुलगा, सून, आणि स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा दोन्ही डोस घेतलेल्या होत्या. नातवंडांना अजून लस नव्हती. त्यांच्यासाठी दारात साबण.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेलेला नाही. म्हणून आज ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत कर्करोगाच्या डॉक्टरांना थेट विचारावं: करोनाचा आणखी डोस हवा का, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घ्यायच्या का, आणि कोणत्या आठवड्यात? प्लेटलेट कमी असतील तर सुई देणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे तो कापसाचा बोळा जरा जास्त वेळ दाबून धरील. लशीनंतर काखेत काही दिवस गाठ येऊ शकते. स्कॅन असेल तर तिथेही लशीची तारीख आणि दंड कुठला, हे सांगून ठेवा.