गिअरबॉक्सची तक्रार

गिअरबॉक्स विनाकारण ओरडत नाही. ओरड केव्हा उठते, ते आधी पाहावे. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. अशा वेळी येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज उठला, तर बहुधा क्लचचे रिलीज बेअरिंग झिजलेले असते. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर त्या गिअरचे दाते तपासावेत.

तेलाची पातळी वेळोवेळी पाहावी. गाडी चालवताना क्लचवर पाय व गिअरच्या दांड्यावर हात टेकून ठेवू नये. आणि ड्रायव्हरने सांगितलेला आवाज त्याच दिवशी वहीत नोंदवावा. नाहीतर गिअरबॉक्स फुटल्यावर खापर त्याच्याच माथी फुटते!