चौदा-पंधराचा... ते हे...

साखर हंगामात टेंभुर्णीजवळ पुणे-सोलापूर महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवाच नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती अगदी तोंडाशी आल्यावर. नशीबवान असतात ते उठून उभे राहतात. शुद्ध गेली तरी अर्ध्या तासाच्या आत आली, अपघाताभोवतीचा विसर दिवसभराहून कमी आणि शुद्ध मोजणाऱ्या ग्लासगो स्केलवर 13 ते 15 गुण, म्हणजे डॉक्टरांच्या लेखी डोक्याची इजा सौम्य. सीटी स्कॅन बहुधा नॉर्मल.

समजा, हायवेकडेच्या गॅरेजातला एखादा मिस्त्री असा सुटून कामावर आला. गाडीखालून हात पुढं करून तो पोऱ्याला सांगतो, "चौदा-पंधराचा... ते हे... आण की!" आकडा बिनचूक. 'पाना' मात्र येत नाही. कधी त्याच्या जागी 'पक्कड' येते. नट कुठल्या बाजूनं फिरवायचा हे हाताला पाठ असतं. मालकाला वाटतं, गडी टाकून आलाय.

डोक्याला हिसका बसला की मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाही. शब्द पुसला गेलेला नसतो. शोध मंदावतो, लक्ष तुटतं. गोंगाट आणि थकवा असला की जास्तच, म्हणून सकाळी नीट बोलणारा माणूस संध्याकाळी अडखळतो.

स्पीच थेरपिस्ट एका मिनिटात जमतील तेवढ्या जनावरांची नावं सांगायला लावतात, चित्रं दाखवतात. 'बोस्टन नेमिंग टेस्ट' या 60 चित्रांच्या प्रसिद्ध अमेरिकन चाचणीत इग्लू, बीव्हर, प्रेट्झेल आहेत. टेंभुर्णीकडचा धडधाकट माणूसही तिथं गप्प बसेल! मिस्त्रीला त्याच्या हत्यारांवरूनच विचारायला हवं.

"हे कशाला लागतं?"

"नट खोलायला."

"कशाचं असतं?"

"लोखंडाचं. दोन्हीकडं तोंड..."

शेजारी बसलेल्या बायकोच्या ओठावर उत्तर आलेलं असतं. थेरपिस्ट तिला हातानंच थांबवतात. थोडं थांबून पहिलं अक्षर देतात, "पा..."

"पाना!"

बहुतेकांचं काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सुधारतं, काहींचं रेंगाळतं. डोकेदुखी वाढत गेली किंवा वारंवार उलट्या झाल्या, तर मात्र थेरपीची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा.

घरचा अभ्यास साधा: पेटीतलं एकेक हत्यार उचलायचं, नाव घ्यायचं, काम सांगायचं. गॅरेजात गाणी बंद, एका वेळी एकच गाडी. पोऱ्यालाही सांगून ठेवायचं की उस्ताद अडला तर लगेच पाना पुढं करू नकोस, जरा थांब. गाडी जॅकवर असेल तर मात्र थांबायचं नाही.