शनिवारी निघा, शुक्रवारी पोहोचा

मंडळी, मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, काळावरच्या व्याख्यानात विमानाचं वेळापत्रक कशाला? आज त्याचंच उत्तर देतो.

प्रशांत महासागरातली दोन बेटं घ्या. पश्चिमेला सामोआ हा स्वतंत्र देश, तिथला विमानतळ फालेओलो. पूर्वेला अमेरिकेच्या ताब्यातला अमेरिकन सामोआ, विमानतळ पागो पागो. लोकांची भाषा एक, नातीगोती एक. या विमानतळांच्या अक्षांशांत अर्ध्या अंशाचा फरक आहे, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. रेखांशांत १.३ अंशांचा, म्हणजे त्या भागात साधारण १४० किलोमीटर. या काटकोनाच्या दोन बाजू धरा, कर्ण येतो १५०. एवढ्याशा अंतरात पृथ्वीची गोलाई फारसा त्रास देत नाही. ट्विन ऑटरसारखं छोटं विमान ताशी २७० किलोमीटरच्या आसपास जातं. चढणं-उतरणं धरून ४० मिनिटं म्हणू. इथवर शाळेतलं गणित झालं.

आता शनिवारी सकाळी १० वाजता फालेओलोहून निघा. पागो पागोला उतराल तेव्हा शुक्रवारचे १० वाजून ४० मिनिटं झालेली असतात. घड्याळाला हात लावायचा नाही, बदलायची ती फक्त तारीख! सामोआ ग्रीनिचच्या १३ तास पुढे, अमेरिकन सामोआ ११ तास मागे. फरक बरोबर २४ तासांचा. पोहोचल्याच्या वेळेतून निघाल्याची वेळ वजा केलीत, तर उत्तर येतं उणे २३ तास २० मिनिटं. प्रवास मात्र ४० मिनिटांचाच. विमानातल्या बाळाला त्याच हिशेबानं भूक लागते.

हा फरक निसर्गानं केलेला नाही. १८९२ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून सामोआनं ४ जुलै हा दिवस दोनदा पाळला आणि वाररेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला गेला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला. सामोआत शुक्रवार तेव्हा तिकडे शनिवारची सुट्टी, सामोआत रविवार तेव्हा तिकडे सोमवारचं कामकाज. आठवड्यातले दोन दिवस फुकट. म्हणून २०११ मध्ये २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर एकदम ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. ३० तारीख त्या देशात झालीच नाही.

आपल्याला हे फार नवं वाटू नये. पंचांगात क्षयतिथी असते, वृद्धितिथी असते. पण तिथी गळते ती सूर्य-चंद्राच्या गतीमुळे. सामोआचा शुक्रवार गळला तो कायद्यानं.

मग वार म्हणजे निव्वळ मानण्याचीच गोष्ट का? आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांना असं म्हणून मोकळं व्हायची भारी हौस. माझंही बरीच वर्षं तेच मत होतं. पण त्या न झालेल्या शुक्रवारचा पगार नोकरदारांना द्यावा लागला! आणि शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळींपुढे तर खरा पेच पडला. २४ डिसेंबरच्या शनिवारनंतरचे सूर्योदय मोजत गेलात, तर सातवा येतो १ जानेवारीला, रविवारी. मोजणी खरी धरायची की नाव? सामोआत त्यांच्या बऱ्याच मंडळ्या रविवारी शब्बाथ पाळू लागल्या. काहींना ते पटलं नाही, ते शनिवारीच जमत राहिले.