दहापैकी तीन

शनिवार उजाडला की आमच्या धाकट्या चिरंजीवांच्या पोटात दुखायला लागायचे. ओवा झाला, बेंबीला हिंग लावून झाला, डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. रविवारी मात्र हाच मुलगा चार पुऱ्या जास्तच खायचा!

शनिवारी त्यांच्या तिसरीच्या वर्गात शुद्धलेखनाचे दहा शब्द घालतात, गुण देतात आणि वहीवर पालकांची सही मागतात, हे मला माहीत होते. पण कित्येक आठवडे वही सहीसाठी आलीच नाही, हे काही माझ्या ध्यानात आले नाही. मी स्वतः बी.ए. झालेली, सकाळचे दोन तास एका शाळेत शिकवणारी. दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या लाल शाईने रंगवण्यात गुंग!

एके दिवशी गाद्या उन्हात टाकताना वही सापडली. दहापैकी तीन, दहापैकी दोन, पुन्हा तीन. आणि खाली सहीच्या जागी माझे नाव, माझ्यासारखेच वळण काढून लिहिलेले. त्यातही वेलांटी चुकलेली! आज लिहिताना हसू येते, पण तेव्हा मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. रात्री तो झोपेत हुंदके देत होता. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, सही केली ती भीतीपोटी. भीती कुणाची, ते बघ आधी."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपण घरी शुद्धलेखन घेतो म्हणजे काय करतो? चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावतो आणि पोळ्यांकडे वळतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याशेजारी बसून पाहिले. 'फूल' हा शब्द लिहायचा होता. पठ्ठ्याने आधी वरपासून खालपर्यंत दहा 'फ' काढले, मग दहा 'ल', मग उकार देत सुटला. शब्द म्हणून त्याने तो एकदासुद्धा लिहिला नव्हता! आणि सहाव्या ओळीपासून उकार ऱ्हस्व झाला, तो शेवटपर्यंत ऱ्हस्वच. म्हणजे चूक पाच वेळा गिरवून पक्की झाली.

तेव्हापासून आमच्याकडे दहा वेळा लिहिणे बंद. शब्द बघायचा, मोठ्याने म्हणायचा, हाताने झाकायचा, मनाने लिहायचा आणि हात काढून स्वतःच ताडून बघायचा. चुकला तर तोच एक शब्द पुन्हा. रोज दोन किंवा तीन शब्द, तेही खेळून आल्यावर, दहा मिनिटे. शुक्रवारी रात्री दहाच्या दहा घोकून घेण्यात काही अर्थ नाही. मूल पेंगत असते आणि आपण चिडलेल्या असतो.

पण खरी मदत झाली ती स्वयंपाकघराची. डब्यांवर चिठ्ठ्या लावायचे काम मी त्याला दिले. मीठ, पीठ, तीळ, मूग, गूळ, तूप, दूध. बघा बरे, सगळे कसे दीर्घ! शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार मराठी शब्दांत दीर्घ येतो, हा नियम आमच्या फळीवर रांगेने उभा होता. मग मी विचारले, "डबा कशाचा?" 'मिठाचा', 'तिळाचा', 'मुगाचा', 'गुळाचा'. प्रत्यय लागला की दीर्घाचा ऱ्हस्व. 'मीठ' आणि 'मिठाचा' सावकाश म्हणून पाहा, कानालाही फरक कळतो. हिंग आणि चिंच या वेगळ्या बरण्या. तिथे डोक्यावर अनुस्वार आहे, म्हणून ऱ्हस्व. 'लाडू' आणि 'भाजी'ला शेवटचे अक्षर म्हणून दीर्घ. 'आणि' मात्र ऱ्हस्व! हा एवढासा शब्द मोठमोठ्या लोकांच्या पत्रातून चुकतो.

सगळेच कानाने येत नाही, हेही सांगायला हवे. 'गुण' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून 'मूग'सारखा दीर्घ नाही, ऱ्हस्व. तसेच 'विष'. असे शब्द डोळ्यांनीच लक्षात ठेवावे लागतात. तेव्हा मुलाने 'गूण' लिहिला, तर त्याने नियम नीटच लावला आहे, एवढे तरी त्याला सांगावे. माझ्या लाल शाईने हे आजवर कुणाला सांगितले नव्हते.

मग एक दिवस त्याला म्हटले, "तू गुरुजी हो, आजीला शब्द घाल." सासूबाई चष्मा लावून ऐटीत बसल्या. 'नाव' आणि 'काही' हे शब्द त्यांनी डोक्यावर टिंब देऊन लिहिले. गुरुजींनी लाल पेन्सिलीने दोन फुल्या मारल्या! सासूबाईंचा चेहरा उतरला. "माझ्या वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलंय माझ्याकडून. चुकेल कसं?" मलाच मध्ये पडावे लागले. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि उच्चारात नसलेले असले अनुस्वार गेले. पुढे १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. तेव्हा आजी चुकल्या नव्हत्या, त्यांच्या वडिलांच्या पत्रांतून तसेच लिहिलेले असे. पण म्हणून सगळीच टिंबे गेली नाहीत. 'मुलाला' एकाला आणि 'मुलांना' अनेकांना, हे टिंब हवेच. चिरंजीवांनी आपल्या फुल्या खोडल्या आणि आजीला दहापैकी दहा दिले. त्या दिवशी दोघांनी मिळून शेंगदाण्याचा अर्धा डबा संपवला.

आमच्या शेजारणीची मुले इंग्रजी शाळेत जातात. 'नाइफ'मधल्या मुक्या 'के'ला कोणता नियम सांगू, असे ती विचारते. तिथे पाठ करण्याला इलाज नाही, पण झाकून लिहिण्याची रीत तिलाही उपयोगी पडली आहे.

आमच्याकडे अजून दहापैकी दहा आलेले नाहीत. सहा येतात, सात येतात, एकदा पुन्हा चारही आले. पण वही आपणहून ओट्यावर येते, आणि शनिवारी ओवा लागत नाही.

परवा शाळेतून आले, तर शेगडीजवळ एक चिठ्ठी ठेवलेली. "आई, दूध ऊतू गेले. मी गॅस बंद केला. आजीनां उठवले नाही." 'दूध' अगदी बरोबर होते. बाकीचे मी त्या दिवशी तसेच राहू दिले, आणि आधी ओटा पुसून घेतला.