ट्रंकेतील इतिहास

हाईम शमुवेल केहिमकर यांनी बेने इस्राएल समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. परंतु तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला १९३७ साली, तेल अवीव येथे. मधली ४० वर्षे ते हस्तलिखित जपले गेले, म्हणूनच हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे.

आपल्या घरोघरीही ट्रंकेच्या तळाशी असा ठेवा पडून आहे: कतुबा, कोकणातून आलेली पत्रे, मुंबईच्या स्टुडिओत काढलेली छायाचित्रे, वहीत उतरवून घेतलेली कीर्तने. ती ट्रंक उघडणारी आपली नातवंडे हिब्रू वाचतात. मराठी त्यांना वाचता येत नाही. वडीलधाऱ्यांचे घर रिकामे करताना न वाचता येणारा कागद प्रथम केरात जातो, ही चिंतेची गोष्ट आहे.

या कामी विद्यापीठांचे साहाय्य होऊ शकते. दोव नोय यांनी १९५५ साली सुरू केलेला लोककथांचा संग्रह आज हैफा विद्यापीठात आहे. नाना देशांतून येथे आलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांनी सांगितलेल्या २४,००० हून अधिक कथा त्यात असून, २०१७ साली युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिठेव्यांच्या यादीत स्थान दिले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ १९६०च्या दशकापासून स्थलांतरितांची पत्रे व कौटुंबिक कागद जतन करीत आहे. यरुशलेमचे राष्ट्रीय ग्रंथालयही अनेक दशके हिब्रू विद्यापीठाचे ग्रंथालय होते. २०२३ साली ते नव्या इमारतीत गेले.

मात्र ग्रंथपाल कागदाला कसरीपासून वाचवील. छायाचित्रातील तिसरी स्त्री कोणाची कोण, हे तो सांगू शकणार नाही. ते काम आपले आहे. येथे आल्यावर कित्येक कुटुंबांनी आडनावे बदलली. रोहेकर, पेणकर, चेऊलकर ही नावे गेली की गावाशी असलेला धागाही तुटतो. म्हणून प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, नावे, नाते, गाव व अंदाजे साल लिहावे. बॉलपेन वापरू नये. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पत्रे ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने ठेवावीत. मोडीतील कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नये.

कागद सोपविण्यापूर्वी काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. मूळ प्रत कायमची द्यायची, की संगणकीय प्रत काढून ती परत घ्यायची? खासगी पत्रे कोणी व केव्हा पाहावीत? नोंदीत मराठी नावे व शब्द कसे लिहिले जातील? असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ठेवा आपला आहे, आणि देणाऱ्याच्या अटी ऐकून घेणे हे ग्रंथालयाचे कर्तव्यच आहे.

वाचकहो, येत्या सणाला कुटुंब एकत्र जमेल. त्या दिवशी घरातील सर्वांत वडील व्यक्तीला एखादे जुने पत्र मोठ्याने वाचावयास सांगा, तिचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि नातवाकडून त्याचा अर्थ हिब्रूत लिहून घ्या. मराठी वाचणारे डोळे घरात आहेत, तोवरच हे होऊ शकेल.