एका कडीसाठी परतीचं बोलावणं

बैलगाडीच्या आसाच्या टोकाला एक लोखंडी खीळ असते. असेल बोटभर लांबीची, पण चाक आसावर राहतं ते तिच्या जिवावर. जाणता गाडीवान गाडी जुंपण्याआधी चाकाला वंगण घालतो आणि जाता जाता त्या खिळीवर एक नजर टाकतो. वाहनं बदलली, वेग बदलला, तरी अशा लहानशा वस्तूंवर आपला जीव टांगलेला असतो, हे काही बदललं नाही. आज अशाच एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. ती म्हणजे मालट्रकच्या बॉनेटची कडी. आणि ती सदोष निघाली, तर कारखान्याने विकलेली गाडी परत बोलवायची, ज्याला ‘रिकॉल’ म्हणतात, त्या पद्धतीबद्दल.

बॉनेट म्हणजे इंजिनावरचं झाकण. बहुतेक मोटारींमध्ये त्याच्या बिजागऱ्या काचेच्या बाजूला असतात आणि ते पुढून उघडतं. गाडी धावू लागली की वारा नेमका त्या पुढच्या फटीत शिरू पाहतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा सुमारे चौपट होतो. कडी निसटली, तर ते पत्र्याचं झाकण उलटून समोरच्या काचेवर आदळतं आणि चालकाला पुढचं काही दिसत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. काय झालं हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले, तर तेवढ्यात साठेक मीटर अंतर आंधळेपणाने कापलं गेलेलं असतं.

म्हणूनच अमेरिकेच्या वाहनसुरक्षा मानकांमध्ये 113 क्रमांकाचं एक मानक फक्त या कडीसाठी आहे. पुढून उघडणारं बॉनेट जर चालकाची नजर अडवू शकत असेल, तर त्याला एकाऐवजी दोन टप्प्यांची कडी हवी. पहिली सुटली तर दुसरीने धरून ठेवावं. बॉनेट उघडताना आतला खटका ओढल्यावरही आपल्याला फटीत बोटं घालून आणखी एक पट्टी सरकवावी लागते. ती पट्टी हीच दुसरी कडी. मोटारींप्रमाणे ट्रक आणि बसगाड्यांनाही हे मानक लागू आहे.

अमेरिकेतल्या लांब नाकाच्या मोठ्या ट्रकची तऱ्हा थोडी वेगळी आहे. त्यांचं बॉनेट अनेकदा बंपरकडच्या बिजागरीवर पुढे कलंडतं आणि केबिनच्या बाजूला दोन्हीकडे कड्या लागतात. तिथे वारा झाकण दाबूनच धरतो. पण कडी सुटली की खड्ड्याखड्ड्याला झाकण उसळतं, बिजागरीवर ताण येतो, आणि ती तुटलीच तर एवढं मोठं झाकण मागून येणाऱ्यांच्या वाटेत पडू शकतं. तिकडच्या महामार्गांवर भरलेल्या ट्रकचं वजन सुमारे 36 टनांपर्यंत असतं. एवढं वजन काही जागच्या जागी थांबत नाही.

कडी बिघडते तरी कशी? दोन उदाहरणं पाहा. डिसेंबर 2021 मध्ये होंडा कंपनीने अमेरिकेत सुमारे 7 लाख 25 हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांत पिकअप ट्रकही होते. बॉनेट आणि पुढची जाळी यांच्यामध्ये फट राहिली होती. त्या फटीतून शिरणाऱ्या वाऱ्याने बॉनेट थरथरत राही, आणि कडीत अडकणारा लोखंडी आकडा कालांतराने खराब होऊन निसटण्याचा धोका होता. निसान कंपनीच्या अल्टिमा मोटारीत दुसऱ्याच कडीचा सांधा गंजून अडकून बसत होता. म्हणजे जी कडी अडीअडचणीला धावून यायची, तीच जागच्या जागी थिजलेली! या दोषासाठी त्या कंपनीला 2014 पासून एकापेक्षा अधिक वेळा गाड्या बोलवाव्या लागल्या. दोन्ही प्रकरणांत कारण अगदी साधं आहे. एकीकडे फट, दुसरीकडे गंज. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना गाडी नवी कोरी असते. दोष उघडा पडतो तो रस्त्यावर, ऊनपावसात, वर्षं उलटल्यावर.

आता हे बोलावणं येतं कसं ते पाहू. अमेरिकेत 1966 साली वाहनसुरक्षेचा कायदा झाला. त्या कायद्याने दोष मान्य करणं कंपनीच्या मर्जीवर ठेवलं नाही. सुरक्षेला बाधा आणणारा दोष आहे असं कंपनीने ठरवलं की पाच कामकाजाच्या दिवसांत तिने राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला कळवायचं. साठ दिवसांच्या आत नोंदणीकृत मालकांना टपालाने पत्र पाठवायचं. दोष काय, धोका काय आणि दुरुस्ती कुठे होईल, हे त्यात लिहायचं. पंधरा वर्षांपर्यंतच्या गाड्यांची दुरुस्ती फुकट करून द्यायची. नवी गाडी अजून विक्रेत्याच्या अंगणात उभी असेल, तर दुरुस्तीशिवाय ती ग्राहकाच्या हाती द्यायची नाही.

कारखाना हे गाडीचं माहेर मानलं, तर हे माहेरचं बोलावणं आहे. पण बोलावणं पाठवलं म्हणजे लेक घरी पोचली असं होत नाही. मालट्रकच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे. पत्र जातं मालकाच्या नावावर, आणि चाकामागे बसलेला असतो वेगळाच माणूस. ट्रक चार-सहा वर्षांत एका हातातून दुसऱ्या हातात जातो. पत्र जुन्या मालकाच्या टेबलावर पडून राहतं, किंवा हिशेबाच्या कागदांत दडपलं जातं. शिवाय ट्रक कार्यशाळेत उभा राहिला की त्या दिवसाचं भाडं बुडतं. ‘एक कडी तर आहे, पुढच्या फेरीनंतर बघू’ असं म्हणून काम लांबतं. भाडं मालकाचं बुडतं, धोका चालकाच्या अंगावर येतो, आणि समोरून स्कूटरवर येणाऱ्याला तर यातलं काहीच माहीत नसतं.

आपल्याकडे काय आहे? आपल्या रस्त्यांवरचे बहुतेक मोठे ट्रक चपट्या तोंडाचे. इंजिन केबिनखाली असतं आणि दुरुस्तीसाठी सगळी केबिनच पुढे कलंडवतात. म्हणून बॉनेटच्या कडीचं काम इथे केबिनच्या खटक्याकडे आलं आहे. तो नीट बसला नसेल, तर घाट उतरताना दाबलेल्या जोरदार ब्रेकसरशी केबिन पुढे झुकू शकते. कायद्याचं म्हणाल, तर 2012 मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेची आचारसंहिता आणली. पुढे मोटार वाहन कायद्यात 2019 ची दुरुस्ती झाली, आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकारला सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार देणारे नियम लागू झाले. कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा झाला, हे चांगलंच झालं. पण बोलावणं योग्य माणसापर्यंत पोचायचं, तर काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. जुना ट्रक घेतला की आरसी बुकावर नाव आणि पत्ता लगेच बदलून घ्यावा, कारण पत्र तिथल्याच पत्त्यावर येतं. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत चासी नंबर सांगून आपल्या गाडीसाठी काही बोलावणं निघालं आहे का, हे विचारावं. मालकाने पत्र आल्याचं चालकाला सांगावं, आणि दुरुस्तीला गेलेल्या दिवसाची त्याची मजुरी कापू नये. चालकानेही सकाळी टायरवर हात मारताना कडी आणि खटका ओढून पाहावा. सैल लागला, गंजलेला दिसला, तर दोरीने बांधून वेळ मारून नेऊ नये.

आणखी एक. कंपनीने गाड्या परत बोलावल्याची बातमी वाचली की आपण लगेच म्हणतो, ‘बघा, कसला माल विकतात!’ कंपनीला जाब जरूर विचारावा. दोष लपवला असेल तर सोडूही नये. पण ज्या बाजारात चूक कबूल करणाऱ्याचीच तेवढी बदनामी होते, तिथे पुढचा कारखानदार गप्प बसायला शिकतो. म्हणून अशी बातमी आली की एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहावा : बोलावलेल्या गाड्यांपैकी किती दुरुस्त झाल्या? हजारातल्या नऊशे झाल्या असतील, तर उरलेल्या शंभर आजही कुठल्यातरी रस्त्यावर धावत आहेत. आणि तो रस्ता आपल्याही वहिवाटीचा असू शकतो.