शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगा लागोपाठ तीन दिवस उशिरां आला. कारण विचारतां त्यानें खालीं पाहून सांगितलें, "सर, आजी रात्रभर दार उघडून बाहेर जाऊं पाहते. आई जागीच असते. सकाळीं डबा मीच करतों." ह्या तीन वाक्यांत एका रोगाचें व एका घराचें सगळें वर्तमान आलें. रोग आजीला झाला आहे हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु आई हळूहळू खचत आहे, हें बहुधा कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रहो, व त्यांच्या पालकांनो, आज रुग्णाच्या औषधाविषयीं नव्हे, तर त्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. अशा माणसांस साहाय्य करण्याची व्यवस्था कांहीं रुग्णालयांनीं केली आहे. तें साहाय्य खरोखर उपयोगी पडतें कीं नाहीं, हें कसें ओळखावें, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. घरोघरीं ज्यास 'म्हातारचळ' म्हणतात, त्यास वैद्यकांत स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया असें नांव आहे. हा वार्धक्याचा स्वाभाविक परिणाम नव्हे. मेंदूची हानि करणाऱ्या अनेक विकारांनीं येणारी ती अवस्था आहे. त्या विकारांपैकीं सर्वांत अधिक आढळणाऱ्या विकारास आलोइस अल्झायमर ह्या जर्मन वैद्याचें नांव पडलें आहे. त्यांनीं १९०६ सालीं त्याचें वर्णन प्रथम वैद्यसभेपुढें मांडिलें. रोगी आतांच जेवलेलें विसरतो, सुनेनें पैसे चोरले असें म्हणतो, कधींच पडून गेलेल्या घरीं जावयास निघतो. हें तो मुद्दाम करीत नाहीं. हा विकार समूळ बरा करणारें औषध अद्यापि नाहीं, आणि तो पुष्कळ वर्षें चालतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीवरून, भारतांत साठ वर्षें व त्यापुढील वयाच्या दर १०० माणसांत सात ते आठ जण, म्हणजे एकंदर सुमारें ८८ लक्ष माणसें, ह्या अवस्थेंत असावीं असा अंदाज निघाला. त्यांतील बहुतेकांची सेवा घरींच होते, व ती करणारी बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून असते.

अशा घरच्या माणसांसाठीं रुग्णालय काय करूं शकतें? तें रोगाचें स्वरूप समजावून सांगतें. रोगी संतापला असतां त्याच्याशीं वाद न घालतां त्याचें मन दुसरीकडे कसें वळवावें, हें शिकवितें. घरांतील सर्व मंडळींस एकत्र बसवून कामाची वांटणी करून देतें. समदुःखी कुटुंबांच्या बैठकी भरवितें. आणि अडचणीच्या वेळीं टेलिफोनवर सल्ला देतें. हें सर्व ऐकावयास उत्तम आहे. परंतु ऐकावयास उत्तम असलेली गोष्ट परिणामींही उत्तम असतेच असें नाहीं. शाळेची योग्यता जशी पटावरील मुलांच्या संख्येवरून ठरत नाहीं, तशी ह्या साहाय्याची योग्यता बैठकीस किती जण आले ह्यावरून ठरत नाहीं. "आपले फार उपकार झाले," असें लोक बोलले म्हणूनही ती ठरत नाहीं. कारण खचलेल्या माणसास कोणी प्रेमानें दोन शब्द बोलला, तर तो आभार मानितोच.

तर मग कसोटी कोणती? पहिली कसोटी ही कीं, प्रश्न सेवा करणाऱ्यासच विचारला पाहिजे. अमेरिकेंतील स्टीव्हन झारिट व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८० सालीं ह्यासाठीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या आज रूढ असलेल्या स्वरूपांत २२ प्रश्न आहेत. स्वतःसाठीं वेळ उरत नाहीं असें वाटतें काय, प्रकृति ढासळली आहे असें वाटतें काय, अशा प्रकारचे ते प्रश्न होत. प्रत्येक उत्तरास शून्यापासून चारपर्यंत गुण असतात. बेरीज जितकी मोठी, तितका भार अधिक. साहाय्यापूर्वीं व साहाय्यानंतर ही बेरीज मांडिली, म्हणजे जें दुःख एरवीं मुकेपणें सोसलें जातें तें कागदावर दिसूं लागतें.

दुसरी कसोटी तुलनेची. हा रोग दिवसेंदिवस वाढणारा आहे. त्यामुळें सेवा करणाऱ्याचा भार जेथल्या तेथें राहिला, तरी तें यशच असूं शकेल. उलट, मनुष्य अगदीं टेकीस येतो तेव्हांच रुग्णालयाची पायरी चढतो. त्यानंतर कांहीं दिवसांनीं त्यास थोडें बरें वाटलें, तर तें साहाय्यामुळें वाटलें कीं आपोआप, हें कळत नाहीं. ह्यावर उपाय असा कीं, सारख्या स्थितींतील कुटुंबांच्या जणूं चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे, एकास विशेष साहाय्य द्यावें, दुसऱ्यास नेहमींचीच व्यवस्था ठेवावी, आणि मग दोहोंतील अंतर पाहावें.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयांत मेरी मिटेलमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८७ पासून हाच मार्ग धरिला. अल्झायमर-रोग्यांची सेवा करणारे ४०६ पति किंवा पत्नी त्यांत सामील झाले. विशेष साहाय्याच्या गटांतील प्रत्येकाशीं सल्लागारांनीं सहा वेळां बसून विचारविनिमय केला, त्यांपैकीं चार वेळां इतर कुटुंबीयांसह. पुढें बैठकी व टेलिफोन होतेच. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, ह्या गटांतील रोग्यांस शुश्रूषागृहांत ठेवण्याची वेळ सामान्यतः ५५७ दिवस, म्हणजे सुमारें दीड वर्ष, लांबणीवर पडली. रोगी तोच व रोगही तोच. मात्र त्याच्यामागें उभ्या असलेल्या माणसास कोणी तरी आधार दिला होता.

तिसरी कसोटी काळाची. आठ दिवस टिकणारा उत्साह हा गुण नव्हे. लंडन येथें जिल लिव्हिंगस्टन व त्यांचे सहकारी ह्यांनीं मानसरोग व मज्जारोग चिकित्सा विभागांकडे येणाऱ्या रोग्यांचे २६० आप्त घेतले. त्यांतील १७३ जणांस आठ पाठ दिले. आणि ते देणारे कोणी मोठे वैद्य नव्हते, तर मानसशास्त्राचे पदवीधर होते. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वृत्तांताप्रमाणें त्यांची चिंता व खिन्नता आठ महिन्यांपर्यंत कमी दिसली. पुढें दोन वर्षांनीं पाहिलें तरीही तो लाभ टिकून होता, आणि रुग्णसेवेच्या खर्चांत म्हणण्यासारखी वाढ झाली नव्हती.

येथें वाचक म्हणतील कीं, न्यूयॉर्क व लंडन येथील गोष्टी आमच्या काय कामाच्या? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यानें दिलें आहे. अमित डायस व त्यांचे सहकारी ह्यांनीं तेथील ८१ कुटुंबांची अशीच परीक्षा केली, व तिचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. ४१ घरीं थोडक्या दिवसांचें शिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने जात राहिले. अडलें तेथें त्यांच्यामागें मानसरोगतज्ज्ञ होते. सेवा करणाऱ्यांचें मानसिक स्वास्थ्य निश्चितपणें सुधारलें. परंतु भाराच्या प्रश्नावलींतील गुण व रोग्याच्या वागणुकींतील त्रास ह्यांत निश्चित म्हणावा असा फरक पडला नाहीं, हेंही त्यांनीं तितक्याच स्पष्टपणें लिहून ठेविलें. जें साधलें नाहीं तेंही सांगणें, हा खऱ्या परीक्षेचा प्राण आहे.

चौथी कसोटी सर्वांत कठीण. जे आले नाहींत, किंवा मध्येंच सोडून गेले, त्यांचें काय झालें? जागतिक आरोग्य संघटनेची 'आयसपोर्ट' नांवाची इंटरनेटवरील शिकवणी बंगळूर येथील निम्हान्स संस्थेच्या तज्ज्ञांनीं भारतीय कुटुंबांत आजमावून पाहिली. २०२१ च्या वृत्तांतानुसार सामील झालेल्या १५१ जणांपैकीं शेवटपर्यंत ५५ जणच राहिले, आणि औदासीन्य व भार ह्यांत दोन गटांत अंतर दिसलें नाहीं. बाकीचे कां गेले असतील? प्रत्येकाचें कारण वेगळें असेल; पण ज्या बाईस आजींना एकटें टाकून विहिरीवर जाणेंही कठीण, ती रुग्णालयांतील बैठकीस अकरा वाजतां कशी येणार, ह्याचा विचार आपणच करावा. ज्यास साहाय्याची सर्वांत अधिक गरज, तोच तेथवर पोहोंचण्यास सर्वांत असमर्थ असतो. म्हणून रुग्णालयाच्या दारांत केलेली मोजणी अपुरी होय. मोजणी घराच्या उंबरठ्याच्या आंत झाली पाहिजे.

पालकांनो, आपल्या घरीं असा रोगी असेल, तर त्यास वैद्याकडे नेतांना केवळ त्याच्या गोळ्या विचारून परत येऊं नका. "सेवा करणारीस झोप मिळत नाहीं, तिच्यासाठीं येथें काय व्यवस्था आहे?" असें निःसंकोच विचारा. असें विचारणें म्हणजे आईबापांच्या सेवेस कंटाळणें नव्हे. आणि मुलांनो, तुम्हांस औषध देतां येणार नाहीं. पण दररोज एक तास आजीजवळ बसून तिच्या जुन्या गोष्टी ऐकतां येतील. तिनें तीच गोष्ट दहा वेळां सांगितली तरी हंसूं नका. त्या तासांत आई निजेल, किंवा बैठकीस जाऊन येईल.

जुन्या करारांत मोशेची एक कथा आहे. लढाई चालली असतां त्याचे उंचावलेले हात थकून खालीं येऊं लागले. तेव्हां अहरोन व हूर ह्यांनीं त्यास धोंड्यावर बसविलें व एकेका बाजूनें एकेक हात सांवरून धरिला. त्यांनीं मोशेचें काम आपल्याकडे घेतलें नाहीं. त्याचे हात मात्र खालीं येऊं दिले नाहींत. आणि त्यांच्या साहाय्याचें मोल कशावरून ठरलें? ते हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, ह्यावरून. घरोघरीं रात्रीं जागणाऱ्या मातांचे हात असे स्थिर राहिले कीं नाहींत, एवढेंच रुग्णालयानें, शेजाऱ्यानें व आपण प्रत्येकानें विचारावयाचें आहे.